‘इंगा’चं सुकाणू

मर्नाच्या पायाला भिंगरी आहे असं तिची आई म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सामन मासे डबाबंद करायच्या कारखान्यामागे कामगारांच्या खोल्या होत्या, त्यांतल्या एकीत ती वाढली. बाप फिलिपिन्सहून एका हंगामापुरता आलेला आणि हंगाम संपल्यावर परत न गेलेला. आई इथलीच, अलास्काच्या किनाऱ्यावरच्या मूळच्या त्लिंगिट लोकांतली. बाप मासे साफ करायच्या टेबलापाशी दिवसच्या दिवस उभा राहायचा, आई चुलीपाशी. मर्ना मात्र जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन धक्क्यावर जायची. पुढे तिनं आर्विडशी लग्न केलं तेव्हा तिची बहीण म्हणाली, “घर असलेला नवरा मिळत होता, तर हिनं बोट असलेला केला.”

त्या बोटीला सासूचं नाव होतं, ‘इंगा’. सासू जिवंत असताना दोघींचं कधी पटलं नाही. “आणि आता निम्मं आयुष्य सासूच्या पोटात बसून काढतेय,” असं मर्ना प्रवाशांना सांगायची. प्रवासी हसायचे. आर्विड हसायचा नाही. दर वर्षी हंगामाआधी आईच्या नावाची ती अक्षरं तो स्वतः रंगवायचा, मर्नाला ब्रशला हात लावू द्यायचा नाही. गेली दोन वर्षं मात्र ती मर्नानं रंगवली होती, आणि त्याबद्दल दोघांपैकी कोणी काही बोललं नव्हतं.

पूर्वी ‘इंगा’ हॅलिबट मासे धरायला जायची. नंतर मोठी जहाजं गावाला लागायला लागली, त्यांतून हजारो माणसं कॅमेरे लटकावून उतरायला लागली, तेव्हा आर्विडनं मासे ठेवायचे खण काढून तिथे बाकं बसवली. सहा प्रवासी, तो सुकाणूवर आणि मर्ना बाकी सगळ्याला. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, देवमासे दाखवायचे, खडकांवरचे समुद्रसिंह, शेवाळाच्या दोरांत स्वतःला लपेटून उताणी झोपलेली पाणमांजरं, नशीब असेल तर ओहोटीच्या चिखलात शिंपले उकरणारं अस्वल. मर्ना कॉफी द्यायची, उलट्या होणाऱ्यांना पिशव्या द्यायची, आणि सतत या बाजूचं त्या बाजूला करायची. तिला ते काम आवडायचं, कारण त्यात कुठेही बसायची सोय नव्हती.

दाखवायची पद्धत सगळ्या बोटींवर एकच. बोटीचं नाक म्हणजे घड्याळातले बारा. उजवा हात तीन, डावा नऊ, पाठ म्हणजे सहा. देवमाशाचा फवारा उडाला की ओरडायचं, “दहा वाजता!” आणि सगळ्या माना डावीकडे पुढे वळतात. नवख्यांनाही ते चटकन समजतं.

मर्ना मात्र अलीकडे जरा जास्तच ओरडत होती.

“अकरा वाजता ओंडका! लांब आहे. एक वाजता पाणमांजरं, पिल्लंही आहेत. बारा वाजता पाणी मोकळं!”

त्या दिवशी नेब्रास्काहून आलेली एक जाडसर, आनंदी बाई होती, पॅट्रीस नावाची. ती म्हणाली, “अहो, मोकळं पाणी पण दाखवताय? ते तर आम्हाला दिसतंय की! कोणासाठी ओरडताय एवढं?”

सगळे हसले. मर्नाही हसली आणि तिनं पॅट्रीसच्या कपात न मागता कॉफी ओतली. आर्विड पुढे पाठमोरा उभा होता. त्याची मान हलली नाही.

ते ओरडणं आर्विडसाठी होतं.

मर्नाला ते पहिल्यांदा कळलं ते बोटीवर नाही, स्वयंपाकघरात. आर्विड तिच्याशी बोलताना तिच्या कानामागे बघायला लागला होता, जणू फ्रिजशी बोलतोय. आधी तिला राग आला. मग एकदा त्यानं कॉफी कपाच्या शेजारी ओतली, अगदी शांतपणे, टेबल वाहीपर्यंत. त्याच्या नजरेच्या मधोमध धुकं धरत होतं. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. तो जुनो शहरात डॉक्टरकडे जाऊन आला आणि म्हणाला, “थेंब दिलेत.” मर्नानं ती बाटली शोधली नाही. थेंब असते तर तो रोज विसरला असता आणि तिला रोज आठवण करावी लागली असती. इतकी वर्षं संसार केल्यावर एवढं कळतंच.

मग तिनं घड्याळ सुरू केलं. आधी थोडं, मग सगळंच. आर्विडला हा किनारा तळहातासारखा माहीत होता. डोंगरांच्या कडा त्याला दिसत, खाडीचं तोंड दिसे, प्रवाह कुठे ओढतो ते पायांना कळे. जे जागचं हलत नाही त्याचा प्रश्न नव्हता. जे हलतं ते मर्ना सांगायची. त्यानं तिला कधी सांग म्हटलं नाही, तिनंही कधी सांगते म्हटलं नाही. तिनं हाक दिली की सुकाणू हलायचं, एवढंच.

तिला त्याची कीव यायची असं नाही. लोकांना पुढे तसं वाटलं, पण तसं नव्हतं. तिला भीती वाटायची. आर्विडच्या हातून सुकाणू गेलं तर तो घरी बसणार. तिच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या खुर्चीत, ऑक्टोबर ते मे आणि मग मे ते ऑक्टोबर. नुसत्या विचारानं ती उठून उभी राहायची आणि नको असताना भांडी घासायची. तिच्याकडे स्वतःचाही कॅप्टनचा परवाना होता. मुलगी लहान असताना, आर्विड एकदा फ्लूनं पडला आणि हंगामातले चांगले दिवस वाया गेले म्हणून, तिनं परीक्षा दिली होती. दर वेळी मुदत संपायला आली की ती तो नवा करून घ्यायची. पण बोटीला सुकाणू एकच, आणि त्यापुढे आर्विड. परवाना चौकटीत भिंतीवर टांगलेला होता, मुलीच्या शाळेच्या फोटोशेजारी.

त्या दिवशी सकाळी दोन देवमासे चांगले दिसले होते, आई आणि पिल्लू. पिल्लानं शेपटी आपटून आपटून सगळ्यांचे पैसे वसूल करून दिले होते. नंतर ‘इंगा’ समुद्रसिंहांच्या खडकाजवळून गेली. तिथे नेहमीप्रमाणे ढकलाढकली चालली होती, सगळ्यात मोठा नर वरच्या दगडावर चढून बाकीच्यांवर खेकसत होता.

“हा अगदी आमच्या सोसायटीचा चेअरमन,” पॅट्रीस म्हणाली.

“वास पण तसाच आहे का?” मर्नानं विचारलं.

खडक मागे पडला, पण प्रवासी मागेच बघत होते, फोटो काढत होते. म्हणून मर्नाही त्यांच्याकडे तोंड करून, केबिनच्या दाराला पाठ टेकून उभी होती. आर्विडनं वेग वाढवला. पुढे भूशिर होतं, ते वळलं की घरचा रस्ता. मर्ना बोलता बोलता अधूनमधून खांद्यावरून पुढे बघत होती, नेहमीसारखीच. उजव्या खांद्यावरून बघितलं तेव्हा भूशिराआडून दोन कायाक बाहेर येताना दिसल्या. लहानशा, एका माणसानं वल्हवायच्या होड्या, आतली माणसं चांगल्या केशरी जाकिटांतली.

“कायाक! दोन वाजता!” ती ओरडली.

आर्विडनं सुकाणू डावीकडे घेतलं. अगदी बरोबर घेतलं. दोन वाजता म्हणजे उजवीकडे कोणी आहे, तर डावीकडे वळायचं.

पण मर्नाचं तोंड मागे होतं. तिचा उजवा खांदा म्हणजे बोटीची डावी बाजू. कायाक दोन वाजता नव्हत्या, दहा वाजता होत्या. दोन हंगामांत तिची अशी चूक एकदाही झाली नव्हती. ‘इंगा’ वळली आणि सरळ त्या केशरी जाकिटांवर निघाली.

मर्नाला तो क्षण नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवायचा. हातातला थर्मास तिनं कुठे टाकला ते कधीच आठवलं नाही. आर्विडच्या बगलेखालून हात घालून तिनं वेगाचा दांडा मागे खेचला, मग आणखी मागे. इंजिन किंचाळलं, बोट मागून उचलल्यासारखी झाली, प्रवासी एकमेकांवर पडले. ‘इंगा’चं नाक पहिल्या कायाकपासून इतक्या जवळ थांबलं की आतल्या बाईच्या नाकावरचा पांढरा मलम दिसत होता. बोटीची लाट मागून आली, दोन्ही कायाक भेलकांडल्या, एकीचं वल्हं वाहून गेलं. पण उलटली कोणीच नाही.

“डोळे फुटलेत का तुमचे?” ती बाई ओरडली.

 पॅट्रीस गुडघा चोळत उठली. कुणाला उद्देशून नाही असं म्हणाली, “ती जाकिटं मला मागच्या बाकावरून दिसत होती.”

आर्विडचे हात अजून सुकाणूवर होते. तो हळूच म्हणाला, “तू दोन म्हणालीस.”

“दहा होते.”

“तू दोन म्हणालीस, मर्ना.”

“सरक,” ती म्हणाली.

तो सरकला नाही. मग तिनं त्याला कोपरानं बाजूला केलं, गर्दीत करतात तसं, आणि सुकाणू धरलं. वाहून गेलेलं वल्हं तिनं वळसा घालून आणलं, आकड्यानं उचललं, त्या बाईला दिलं आणि क्षमा मागितली. बाईनं वल्हं घेतलं, क्षमा घेतली नाही. परतीच्या वाटेवर आर्विड तिच्या मागे उभा होता. बसायला जागा होती, पण तो बसला नाही. शेवाळात पाणमांजरं तरंगत होती, एकीच्या पोटावर पिल्लू झोपलं होतं. मर्नानं ती कोणाला दाखवली नाहीत.

धक्क्यावर रॉस्को त्याच्या बोटीचा पाइप गुंडाळत बसला होता. रॉस्को आर्विडच्या शाळेतला, जाडजूड, सदा दुसऱ्यांच्या बोटींवर लक्ष. प्रवासी गेले, आर्विड एकही शब्द न बोलता ट्रककडे चालायला लागला. रॉस्को मर्नाला म्हणाला, “कायाकवाल्यांनी रेडिओवरून बोंब मारली सगळीकडे. कोणी लागलं नाही ना?”

“नाही. चूक माझी झाली. मी बाजू उलटी सांगितली.”

“तू सांगितलीस,” रॉस्को म्हणाला आणि पाइपच्या पुढच्या वेढ्याकडे बघत राहिला. “मर्ना, आम्ही गेलं वर्षभर तुमच्या बोटीपासून लांबूनच जातो. सगळेच. माझ्या पोरानं विचारलं, बाबा एवढा वळसा कशाला? म्हटलं, आर्विड येतोय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“धक्क्यावर काय लपतं? मागच्या वर्षी त्यानं मला हात केला, मी त्याच्यासमोर उभा होतो, आणि त्यानं हात केला तो माझ्या शेजारच्या खांबाला.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलली नाहीस. तुझा नवरा आहे. मी कोण?”

मर्नाच्या अंगाचा भडका उडाला. एवढे दिवस तिला वाटत होतं की ती एकटी डोळ्यांत तेल घालून हे ओझं वाहतेय, आणि सगळं बंदर तिच्याभोवती चवड्यांवर चालत होतं. तिला रॉस्कोच्या हातातला पाइप हिसकावून समुद्रात टाकावासा वाटला. तिनं टाकला नाही, फक्त त्यावर पाय देऊन गेली.

ट्रक तिनंच चालवला. गेल्या वर्षापासून तीच चालवत होती, नव्या ट्रकचा गिअर आर्विडला आवडत नाही या सबबीवर. घरी आल्यावर तिनं भात टाकला, सामनचा तुकडा परतायला घेतला, गॅस मोठा केला, बारीक केला, पुन्हा मोठा केला. बाहेर ऊन लख्ख होतं. या दिवसांत संध्याकाळ म्हणून काही होतच नाही, आणि मर्नाला ते एरवी आवडायचं. आज तिला अंधार हवा होता.

आर्विड खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. बरोबर त्याच खुर्चीत.

“चूक तुझी होती,” तो म्हणाला.

“हो.”

“तू बरोबर सांगितलं असतंस तर मी बरोबर वळलो असतो. मी बरोबरच वळलो.”

“हो. चूक माझीच होती.” तिनं उलथणं हातात धरूनच मागे वळून बघितलं. “माझी चूक झाली, आर्विड, आणि ती तुला दिसायला पाहिजे होती. बोटीवर दोन माणसं असतात ती त्यासाठीच असतात. एकाचं चुकलं तर दुसऱ्याला दिसावं म्हणून. आपल्या बोटीवर एकच आहे, आणि तोंड मागे करून कॉफी वाटतंय.”

 त्यानं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा पुसून काही होणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

“मधे काहीच दिसत नाही,” तो शेवटी म्हणाला. “तुझं तोंड मी दीड वर्षात बघितलेलं नाही. कान दिसतात. केस दिसतात.”

 ती म्हणाली, “केस पिकलेत.”

“ते दिसतंय.”

सामन करपला. तिनं तो तसाच वाढला आणि दोघांनी खाल्ला. जेवताना ती दोनदा उठली, एकदा मिठासाठी, जे टेबलावरच होतं.

“उद्याचे सहा जण आहेत,” तो म्हणाला. “त्यांना सांग, मी आजारी आहे.”

“नाही सांगणार.”

“मग काय सांगणार?”

“कॅप्टन मी आहे असं सांगणार. बाकी त्यांनी विचारलं तर त्या वेळी बघू.”

“आणि मी?”

हा प्रश्न येणार हे तिला कधीपासून माहीत होतं, आणि त्याचंच तिला भय होतं. खुर्चीत बसून तो विचारत होता, खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून, आणि बघत होता फ्रिजकडे. ती म्हणू शकत होती, ‘घरी राहा, आराम कर.’ कोणीही तेच म्हटलं असतं. मुलीला फोन केला असता तर सिॲटलहून तीही तेच म्हणाली असती, बाबांनी आता विश्रांती घ्यावी. मर्नानं ताटं उचलली.

“मला दोऱ्या सांभाळायला माणूस लागेल,” ती म्हणाली. “कॉफी वाटायला. उलट्यांच्या पिशव्या द्यायला. मी सुकाणूवरून उठू शकत नाही.”

“ते तुझं काम आहे.”

“होतं.”

तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. दार आपटलं नाही, पण लावून घेतलं. मर्नानं भांडी घासली, ओटा पुसला, पुन्हा पुसला. मग भिंतीवरून परवान्याची चौकट काढली, कारण तो बोटीवर लावावा लागतो. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. तिनं मुलीचा फोटो थोडा सरकवून बघितला. चौकोन झाकला जात नव्हता.

सकाळी ती त्याला न उठवता निघाली. दाराबाहेर थांबून तिनं आत कान दिला, काही ऐकू आलं नाही. धक्क्यावर जाताना ती एकटीनं काय काय कसं करायचं याचा हिशोब लावत होती. रॉस्कोकडून एखादा दिवस माणूस मागता आला असता, पण कालच्यानंतर तिला रॉस्कोचं तोंड बघायचं नव्हतं.

प्रवासी आले. एक म्हातारं जोडपं, दोन बहिणी, एक बाप आणि त्याचा कंटाळलेला मोठा मुलगा. मर्नानं त्यांना जाकिटं घालायला दिली, नियम सांगितले, देवमाशांपासून किती लांब थांबायचं ते सांगितलं. इंजिन सुरू केलं. आणि मग तिला धक्क्यावर पावलं ऐकू आली, जड, सावकाश, एक हात कठड्यावरून घासत येणारी.

आर्विडनं दाढी केली होती. हनुवटीपाशी थोडी राहिली होती. शेजाऱ्याच्या गाडीतून आला असावा. तो बोटीपाशी थांबला, केबिनकडे बघितलं नाही, धक्क्यावरच्या खुंट्यापाशी उभा राहिला.

“काय करू?” त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत त्यानं तिला हे कधी विचारलं नव्हतं.

“मागची सोड आधी,” ती खिडकीतून म्हणाली. “प्रवाह आत येतोय.”

तो पुढच्या दोरीकडे गेला. चाचपून गाठ शोधली आणि ती सोडली. ‘इंगा’चं नाक लगेच धक्क्यापासून सुटलं आणि शेजारच्या बोटीकडे फिरायला लागलं.

“मागची! मागची म्हटलं! पुढची धर, धर ती!” मर्ना ओरडली. “कानात काय बोळे घातलेत?”

त्यानं दोरी पुन्हा धरली, अंगाचा भार टाकून नाक परत ओढलं, आणि मग एकेक पाऊल टाकत मागे गेला, मागची सोडली, पुढची सोडली, बोटीवर चढला. चढताना त्याचा गुडघा कडेवर आपटला. कंटाळलेला मुलगा हात द्यायला पुढे झाला, तर आर्विडनं तो हात झटकला, आणि मग, थोडं थांबून, धरला.

“कॅप्टन जरा तापट आहे,” तो प्रवाशांना म्हणाला. “जाकिटांचे बंद नीट लावा, नाहीतर तुम्हालाही ऐकून घ्यावं लागेल.”

त्या दोन बहिणी मोठ्यानं हसल्या. मर्नाला सुकाणूवरच्या आरशातून त्याची पाठ दिसत होती. तो कॉफीचे कप काढत होता, एकात एक बसलेले, आणि दर वेळी दोन एकदम निघत होते.

बंदराच्या तोंडाशी आल्यावर तिनं बोट मोकळ्या पाण्यात घातली. खुणेच्या तांबड्या, तरंगत्या बोयावर समुद्रसिंहाची मादी चढून बसली होती, तिनं डोकं उचलून ‘इंगा’कडे बघितलं आणि परत झोपली. मर्नाच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. मागच्या डेकवर आर्विडनं दोरी तशीच ढीग करून टाकली होती, कोणाच्याही पायात यावी अशी. ती उचलून नीट वेढे घालावेत म्हणून मर्नाचे हात शिवशिवत होते. ती अर्धवट उठली. मग बसली. सुकाणू सोडता येत नव्हतं.

“आर्विड!” तिनं हाक मारली. “दोरी!”

“बघतो,” तो म्हणाला, आणि खाली वाकून हातांनी शोधायला लागला.